एक्सेल येतं, आता प्रोग्रामिंग कुठून सुरू करू?

प्रश्न : माझं वय २६. बी.कॉम. झालंय, सांगली जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत लेखनिक आहे. एमएस-सीआयटी केलंय, एक्सेल बऱ्यापैकी येतं, कर्जाचा हप्ता त्यातल्या पीएमटी या सूत्राने काढते. प्रोग्रामिंग शिकायचंय, पण शिक्षण मराठी माध्यमातलं, इंग्रजी कच्चं, गणितही यथातथाच. कोणती भाषा घ्यावी? क्लास लावू का? पुढे या क्षेत्रात नोकरी मिळेल का?

उत्तर : भाषा पायथन घ्या, क्लास सध्या लावू नका, आणि पहिला खरा प्रोग्राम तुमच्या टेबलावरच्या कामातलाच लिहा. ज्याचं बरोबर उत्तर तुम्हाला आधीपासून ठाऊक आहे, असं काम निवडा. तिन्हींत ही तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे आणि तीच कुणी सांगत नाही, म्हणून तिच्यावर जरा सविस्तर लिहितो.

प्रोग्राम लिहिताना लाल अक्षरांत एरर आली तर नवशिक्या घाबरतो. खरं तर ती सोपी वेळ असते. काहीतरी बिघडलंय आणि कुठल्या ओळीत, हे संगणक स्वतःच सांगत असतो. अवघड वेळ ती, जेव्हा प्रोग्राम सुरळीत चालतो, उत्तर देतो आणि ते उत्तर चुकीचं असतं. यूट्यूबवर बघून गेम किंवा हवामानाचं अ‍ॅप बनवणाऱ्याला हे कळायला मार्गच नसतो, कारण बरोबर काय असायला हवं होतं हेच त्याला माहीत नसतं. तुमचं तसं नाही. बेरीज जुळली नाही की तुम्हाला चैन पडत नाही, रोजकीर्द बंद करण्याआधी ताळा करायची सवय हाताला आहे. ही सवय संगणक शाखेच्या कितीतरी पदवीधरांना नोकरीत दोन वर्षं काढल्यावर लागते.

तर पहिलं काम हे घ्या : १,००,००० रुपयांचं कर्ज, वार्षिक १२ टक्के, घटत्या शिलकीवर, १२ मासिक हप्ते. संपूर्ण परतफेडीचा तक्ता प्रोग्रामने छापायचा. हप्ता ८,८८४.८८ रुपये येतो, हे तुम्ही पीएमटीने दोन मिनिटांत पडताळून पाहाल. पहिल्या महिन्यात व्याज १,०००, मुद्दल ७,८८४.८८, शिल्लक ९२,११५.१२. दुसऱ्या महिन्यात व्याज ९२१.१५, मुद्दल ७,९६३.७३, शिल्लक ८४,१५१.३९. असं बारा वेळा. दर महिन्याचं व्याज पैशापर्यंत पूर्णांकित करत गेलात तर बाराव्या हप्त्यानंतर शिल्लक शून्य येत नाही, उणे तीन पैसे येते. म्हणजे शेवटचा हप्ता ८,८८४.८५ घ्यावा लागतो. संस्थेच्या तक्त्यात शेवटचा हप्ता किंचित वेगळा का असतो, हे तुम्ही पाहिलेलंच असेल. प्रोग्रामने ते तीन पैसे दाखवले की तुमचा तक्ता बरोबर.

या एका तक्त्यात प्रोग्रामिंगचा बहुतेक पाया येतो : आकडे नावाने साठवणं म्हणजे व्हेरिएबल, तेच काम बारा वेळा करणं म्हणजे लूप, शेवटच्या हप्त्याला वेगळा नियम लावणं म्हणजे अट, आणि हप्ता काढायचं सूत्र एकदाच लिहून पुन्हापुन्हा वापरणं म्हणजे फंक्शन. यासाठी आधी महिनाभर व्याख्या पाठ करायची गरज नाही. तक्ता करता करता ज्याची गरज पडेल ते शिकत जा.

आता एक्सेलवाल्यांना पायथनमध्ये हमखास कुठे ठेच लागते ते सांगतो.

सगळ्यात मोठा फरक बरोबरच्या चिन्हाचा. एक्सेलमध्ये बी१ मध्ये ए१ गुणिले २ असं सूत्र असलं आणि ए१ बदलला, तर बी१ आपोआप बदलतो. पायथनमध्ये तसं होत नाही. व्याज = शिल्लक गुणिले दर, ही ओळ त्या क्षणी एकदाच हिशेब करते आणि आकडा ठेवून देते. पुढे शिल्लक बदलली तरी व्याज तिथेच राहतं, तुम्ही ती ओळ पुन्हा चालवेपर्यंत. म्हणून व्याजाची ओळ लूपच्या आत हवी. ती बाहेर राहिली तर बाराही महिने व्याज १,००० दिसेल आणि एरर एकही येणार नाही. हा एक मुद्दा नीट उमगला की बाकीचं पुष्कळ सोपं होतं, त्यामुळे इथे दोन दिवस गेले तरी जाऊ द्या. कागदावर तीन स्तंभ आखा, प्रत्येक ओळीनंतर कुठल्या नावात काय आकडा आहे ते पेनने लिहा. कंटाळवाणं आहे, पण याला पर्याय मला तरी सापडलेला नाही.

दुसरी ठेच घाताची. एक्सेलमध्ये घातासाठी टोपीचं चिन्ह (^) वापरतात. पायथनमध्ये त्या चिन्हाचा अर्थ निराळाच आहे. २ टोपी ३ लिहिलंत तर ८ ऐवजी १ मिळतो, तोही बिनबोभाट. घातासाठी दोन चांदण्या (**) लिहायच्या. तिसरी लूपची. लूपला आकडे पुरवायला रेंज हे फंक्शन असतं. एक ते बारा मोजायचे म्हणून त्यात १ आणि १२ लिहिलंत तर ती अकरालाच थांबते, कारण शेवटचा आकडा ती धरत नाही. १ आणि १३ द्यावं लागतं. इथे ताळा लगेच कामी येतो : शेवटी शिल्लक ८,७९६.८८ दिसली की समजायचं, एक हप्ता गळाला. लिस्ट म्हणजे एकामागोमाग ठेवलेल्या आकड्यांची किंवा नावांची यादी, तिच्यातली मोजणीही शून्यापासून सुरू होते, एक्सेलच्या ओळींसारखी एकपासून नाही.

स्वल्पविरामाचं प्रकरण तर मजेदार आहे. आपल्या सवयीने मुद्दल = १,००,००० असं स्वल्पविराम देऊन लिहिलंत तर पायथन त्याला लाख समजत नाही. एक, शून्य आणि शून्य असे तीन वेगळे आकडे एका गाठोड्यात ठेवतो आणि तक्रारही करत नाही. नुसतं १००००० लिहा, किंवा वाचायला सोपं जावं म्हणून स्वल्पविरामाच्या जागी अधोरेषा (_) द्या, ती चालते. छापताना स्वल्पविराम घालायची सोय पायथनमध्ये आहे, पण ती तीन-तीन आकड्यांनी गट पाडते, म्हणजे लाख १००,००० असा दिसतो. आपल्या पद्धतीने लाख-कोटी छापणारं छोटं फंक्शन स्वतः लिहिणं हा तक्त्यानंतरचा उत्तम सराव आहे.

वापरणाऱ्याला रक्कम विचारायची तर इनपुट हे फंक्शन असतं. ते जे देतं ते आकडा नसतं, अक्षरं असतात. दोनदा ५ टाकून बेरीज केलीत तर १० न येता ५५ येतं. अक्षरांचा आकडा करायला इंट वापरावं लागतं. जाता जाता एक गंमत : इंटला देवनागरी आकडे कळतात. कुणी १२५ असं मराठीत टाइप केलं तरी तो ते बरोबर ओळखतो. प्रोग्रामच्या ओळींत मात्र इंग्रजी आकडेच लिहावे लागतात.

आणि आता ती गोष्ट, जी पैशांच्या कामात माहीत नसेल तर घात होतो. पायथनला ०.१ आणि ०.२ ची बेरीज विचारा. उत्तर ०.३ येत नाही, ३ च्या पुढे पंधरा शून्यं आणि मग ४ येतो. हा पायथनचा दोष नाही. संगणक दशांश अपूर्णांक द्विमान पद्धतीत साठवतो आणि एक-दशांश त्या पद्धतीत नेमका बसत नाही, जसं एक-तृतीयांश आपल्या दशमान पद्धतीत बसत नाही. एक्सेलच्या पोटातही हेच चालतं, फक्त तो पंधरा अंकांपर्यंतच दाखवतो म्हणून आपल्याला दिसत नाही. उपाय दोन : सगळे हिशेब पैशांत करायचे, म्हणजे ८,८८४.८८ रुपयांऐवजी ८८८४८८ पैसे, पूर्णांकात. किंवा पायथनचं डेसिमल नावाचं तयार मॉड्यूल वापरायचं. सुरुवातीला पैसे बरे.

पूर्णांकित करण्यातही फरक आहे. एक्सेलचं राउंड २.५ चे ३ करतं. पायथनचं राउंड २.५ चे २ करतं आणि ३.५ चे ४, कारण बरोबर मध्यावर असलेला आकडा ते जवळच्या सम संख्येकडे नेतं. या पद्धतीला बँकर्स राउंडिंग म्हणतात. शेकडो खात्यांवर व्याज काढताना नेहमी वरच नेलं तर बेरीज एका बाजूला झुकत जाते, ती झुकू नये हा त्यामागचा हेतू. पण तुमच्या संस्थेचा नियम वरच्या पैशाला न्यायचा असेल तर प्रोग्रामने संस्थेचा नियम पाळायला हवा. या बाबतीत पायथनचं ऐकायचं नाही.

बघा, एका साध्या तक्त्यात किती निघालं. म्हणूनच मी म्हणतो, दहा निरनिराळे छोटे प्रोग्राम नकलून काढण्यापेक्षा आपला एकच प्रोग्राम पैशापर्यंत जुळवावा.

आता साहित्य. घरी साधा लॅपटॉप असेल, जुना असला तरी, तर थॉनी नावाचा मोफत संपादक, म्हणजे प्रोग्राम लिहायचं सॉफ्टवेअर, उतरवून घ्या. तो एस्टोनियातल्या तार्तू विद्यापीठात नवशिक्यांसाठी तयार झाला. पायथन त्याच्यासोबतच येतं, वेगळं बसवावं लागत नाही. त्यात प्रोग्राम एकेक पाऊल पुढे नेता येतो आणि शेजारच्या चौकटीत प्रत्येक व्हेरिएबलमध्ये त्या घडीला काय आहे ते दिसतं. कागदावर जे तीन स्तंभ आखायला सांगितले, तेच पडद्यावर. सगळे व्हीएस कोड हे मोठं सॉफ्टवेअर वापरतात म्हणून पहिल्याच दिवशी ते घेऊ नका. त्याची बटणं शिकण्यातच आठवडा जाईल. लॅपटॉप नसेल तर गूगल कोलॅब, म्हणजे काही न बसवता पायथन चालवायची गूगलची वेबसाइट, मोबाइलच्या ब्राउझरवरही चालते, पण फोनच्या कीबोर्डवर कंस आणि अवतरणचिन्हं शोधता शोधता जीव मेटाकुटीला येतो. महिनाभरात आवड टिकली तर जुना लॅपटॉप बघा.

ऑफिसच्या संगणकावर परवानगीशिवाय काहीही बसवू नका. सभासदांची खरी नावं, खातेक्रमांक, शिलका घरी आणू नका. सरावाला खोटी नावं आणि खोटे आकडे पुरतात.

पायथनच का, हे थोडक्यात. आपल्याकडे बऱ्याच महाविद्यालयांत अजूनही सी शिकवतात, तेही १९९०च्या आसपासच्या टर्बो सी++ वर, निळ्या पडद्यावर. सी वाईट भाषा नाही. डेनिस रिची यांनी १९७२च्या सुमारास घडवलेल्या या भाषेवर आजही कितीतरी गोष्टी उभ्या आहेत. पण तिथे पहिल्या आठवड्यापासून मेमरीची चिंता करावी लागते आणि तुमच्या कामात ती लागत नाही. पायथन ग्विडो व्हान रॉसम यांनी १९९१मध्ये लोकांपुढे आणली. आज तुम्हाला तिची तिसरी आवृत्ती हवी. जुनी दुसरी आवृत्ती १ जानेवारी २०२०पासून बंद आहे, तरी तिचे धडे इंटरनेटवर अजून पडलेले आहेत. धड्यात छापायच्या प्रिंट या शब्दानंतर कंस दिसला नाही तर तो धडा सोडून द्या. एक्सेलच्या आतच चालणारी व्हीबीए ही भाषा हाही एक रास्त पर्याय आहे. ऑफिसात उद्यापासूनच उपयोग हवा असेल तर त्याला माझी ना नाही, फक्त एक्सेलच्या बाहेर पडलात की ते फारसं सोबत येत नाही.

इंग्रजीची भीती मनातून काढा. पायथनमध्ये राखीव शब्द ३५ आहेत आणि पहिल्या दोन महिन्यांत त्यातले डझनभरच लागतात. बाकीची नावं तुम्ही ठेवायची असतात, ती मराठी ठेवा : मुद्दल, व्याज, हप्ता, शिल्लक. पायथनची तिसरी आवृत्ती देवनागरीतली नावंही स्वीकारते. पण सारखा कीबोर्ड बदलावा लागतो, म्हणून याच मराठी शब्दांचं इंग्रजी अक्षरांत स्पेलिंग करणं सोयीचं. एरर वाचायची ती खालून वर. चूक कोणत्या प्रकारची ते शेवटच्या ओळीत असतं, त्याच्या वर ओळीचा क्रमांक. वारंवार भेटणाऱ्या एरर सात-आठच आहेत : नेमएरर म्हणजे नाव चुकलं किंवा अजून दिलंच नाही, टाइपएरर म्हणजे आकड्याच्या जागी अक्षरं आली, व्हॅल्यूएरर म्हणजे आकडा करायला दिलं ते आकड्यासारखं नव्हतं, इंडेंटेशनएरर म्हणजे ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा बिघडली. एका वहीत एरर, तिचं कारण आणि काय केल्यावर गेली, असे तीन रकाने करा. दोन महिन्यांत ती वही कुठल्याही क्लासच्या नोट्सपेक्षा कामाची होईल.

गणिताचं म्हणाल तर, टक्केवारी आणि चक्रवाढ व्याज समजतं ना? मग तुमच्या वाटेवर पुष्कळ दूरपर्यंत पुरेल एवढं गणित आहे. मशीन लर्निंगकडे जायचं ठरवलंत तर आणखी लागेल, ते तेव्हा बघू.

तक्ता जुळला की दुसरा टप्पा फाइलींचा. पन्नास खोट्या कर्जदारांची यादी एक्सेलमधून सीएसव्हीमध्ये, म्हणजे रकाने स्वल्पविरामांनी वेगळे केलेल्या साध्या फाइलमध्ये, काढा, प्रोग्रामने ती वाचून प्रत्येकाचा तक्ता तयार करू द्या. इथे मराठी नावं आली की गाडी अडते, त्याची तयारी ठेवा. विंडोजवर फाइल उघडताना एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं आकड्यांच्या रूपात साठवायची पद्धत, सांगितलं नाही तर पायथन बहुधा विंडोजचं जुनं एन्कोडिंग धरतो आणि देवनागरी दिसली की अडून बसतो. तिथे यूटीएफ-८ असं स्पष्ट लिहायचं. उलट दिशेने, पायथनने लिहिलेली फाइल एक्सेलमध्ये उघडल्यावर नावांच्या जागी चित्रविचित्र अक्षरं दिसली, तर यूटीएफ-८-सिग लिहून बघा. त्याने फाइलच्या सुरुवातीला एक जादा खूण पडते आणि तिच्यामुळे एक्सेलला एन्कोडिंग ओळखता येतं. ऑफिसातल्या जुन्या याद्या मात्र श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असल्या तर प्रकरण वेगळं. त्यात आत इंग्रजी चिन्हं असतात आणि फॉन्ट त्यांना मराठीचा मुखवटा चढवतो, त्यामुळे आधी युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या प्रमाण पद्धतीत, रूपांतर करावं लागतं.

नावांची अकारविल्हे यादी करताना आणखी एक गोष्ट दिसेल. पायथनचं साधं सॉर्टिंग युनिकोडमधल्या क्रमाने चालतं आणि तिथे ळ हा ल आणि व यांच्या मध्ये बसलेला आहे, आपल्यासारखा ह च्या नंतर नाही. आणि नमस्ते या शब्दाची लांबी विचारलीत तर उत्तर ६ येतं, कारण हलन्ताची खूण आणि मात्राही वेगळ्या मोजल्या जातात. तक्त्यात नावाचा रकाना सरळ का येत नाही, त्याचं हेही एक कारण.

चॅटजीपीटीसारखी साधनं वापरू का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण विचाराल. वापरा, एका अटीवर : पहिले तीन महिने त्याच्याकडून कोड लिहून घ्यायचा नाही. एरर चिकटवा आणि हिचा अर्थ मराठीत सांग म्हणा, स्वतः लिहिलेल्या ओळी दाखवून इथे काय होतंय ते विचारा. हे काम ते छान करतं. संपूर्ण तक्ता मागितलात तर तोही देईल, कदाचित बरोबरही देईल. पण उणे तीन पैसे का आले हे तुम्हाला सांगता येणार नाही आणि वरिष्ठ नेमकं तेच विचारतील.

क्लासबद्दल. एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर आयआयटीसारख्या संस्थांतल्या आणि चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटमधल्या प्राध्यापकांचे पायथनचे अभ्यासक्रम मोफत आहेत, पैसे फक्त प्रमाणपत्राच्या परीक्षेला पडतात. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात वेगवेगळ्या मोफत सॉफ्टवेअरचे धडे मराठीसह अनेक भारतीय भाषांत ऐकायला मिळतात. एवढं असताना हजारो रुपये आधी का भरायचे? रोज तासभर, आठवड्यातून पाच दिवस, असे तीन महिने स्वतः करून बघा. त्यानंतर एकट्याने रेटा लागत नाही असं वाटलं तर क्लास जरूर लावा. तिथे दोनच गोष्टी तपासा. शिक्षक मुलांनी लिहिलेला कोड स्वतः वाचून चुका दाखवतात का, आणि मागच्या तुकडीतल्या मुलांशी परस्पर बोलू देतात का. नोकरीची शंभर टक्के हमी असा फलक दिसला तर पुढच्या गल्लीत वळा.

नोकरीचं खरं सांगायचं तर सहा महिन्यांत पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर, हे मनात धरू नका. तिथे तुमची स्पर्धा चार वर्षं हेच शिकलेल्यांशी आहे. पण पतसंस्था आणि सहकारी बँकांसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपन्यांना अशी माणसं लागतात ज्यांना थकबाकी, तरतूद, लाभांश, लेखापरीक्षण हे शब्द समजावून सांगावे लागत नाहीत आणि ज्यांना डेटाबेसमधून हवी ती माहिती काढता येते. अशी जोडगोळी एका माणसात कमी सापडते. म्हणून पायथननंतर वेब डिझाइनकडे न वळता एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा, शिका. एसक्यूलाइट नावाचा छोटा डेटाबेस पायथनसोबतच येतो, वेगळं काही बसवावं लागत नाही. ते पन्नास खोटे कर्जदार त्यात भरा आणि तीनपेक्षा जास्त हप्ते थकलेल्यांची यादी काढून दाखवणारी एक ओळ लिहा. मुलाखतीला जाल तेव्हा प्रमाणपत्राच्या आधी हे काम दाखवा : तक्ता, पन्नास जणांची यादी आणि थकबाकीची ती ओळ. तोवर तुमच्या संस्थेतच महिनाअखेरीचं एखादं कंटाळवाणं काम, वरिष्ठांना विचारून, प्रोग्रामने करून बघा. मात्र पहिले दोन-तीन महिने ते हातानेही करा आणि दोन्ही जुळवा.